‘हॅलो’ : एका निरर्थक म्हटल्या गेलेल्या शब्दाचा अर्थविचार

महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर २०२२ रोजी काढलेल्या एका निर्णयात, शासकीय कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवरील संभाषणाच्या आरंभी ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे सुचविले होते. त्या सूचनेमागील राष्ट्रीय भावना हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नव्हे. भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेते ते तिच्या पुष्ट्यर्थ दिलेले कारण. ‘हॅलो’ हा शब्द पाश्चात्त्यांचे अनुकरण होय आणि त्याला विशिष्ट असा काही अर्थ नाही, अशा आशयाचे ते कारण होते. ह्यांपैकी अनुकरणाचा मुद्दा इतिहासाने सहज सिद्ध होतो आणि त्याबद्दल वाद घालण्याचे प्रयोजन नाही. टपाल, रेल्वे, दूरध्वनी ह्यांबरोबर आलेले शेकडो शब्द तसेच आलेले आहेत. अर्थ नसल्याचा मुद्दा मात्र इतक्या सहजासहजी मान्य करता येण्यासारखा नाही. शब्दाला अर्थ नाही असे म्हणताना त्याची व्युत्पत्ती लागत नाही असे म्हणावयाचे असते, की कोशात त्याच्यापुढे लिहावयास काही सापडत नाही असे, की बोलणाऱ्याच्या तोंडी त्याचे काही कार्यच नाही असे? ह्या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या म्हणजे चर्चेत जो गोंधळ माजतो, त्याचे ‘हॅलो’ हे उत्तम उदाहरण आहे.

इंग्रजीत हा शब्द एकाच रूपात कधीच नव्हता. ‘हेलो’, ‘हॅलो’, ‘हलो’, ‘हॉलो’, ‘हॉला’, ‘हॅलू’ असे त्याचे किमान सहा अवतार छापील ग्रंथांत आढळतात. येथे इंग्रजी लेखनातील स्वरभेद देवनागरीत शक्य तितक्या जवळून दाखविले आहेत. त्यांतील ‘हॉला’ हे रूप सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आले. फ्रेंच ‘होला’ची फोड ‘हो’ हा उद्गार आणि ‘ला’ म्हणजे ‘तेथे’ अशी होते. म्हणजे ‘अहो, तिकडचे!’ किंवा ‘थांबा तिकडे!’ असा त्याचा भाव. ‘हॅलू’ हा शिकाऱ्याचा शब्द. कुत्र्यांना सावजावर सोडताना तो ओरडावयाचा असे, आणि ओरडत पाठलाग करणे ह्या अर्थाचे जुन्या फ्रेंचमधील एक क्रियापद त्याच्या पाठीमागे उभे आहे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये हे क्रियापद डोंगराडोंगरांतून नावाचा घोष करण्याच्या अर्थी येते. १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या कोलरिजच्या वृद्ध खलाशावरील काव्यात ‘हॉलो’ ही खलाशांनी समुद्रपक्ष्याला घातलेली साद आहे. ह्या सर्व प्रयोगांत कोणी कोणाला नमस्कार करीत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोठे कुत्री आहेत, कोठे डोंगर आहेत, कोठे पक्षी आहे. समान गोष्ट एकच, ती म्हणजे अंतर.

ऑक्सफर्डच्या कोशाने ह्या शब्दकुलाच्या संदर्भात जुन्या उच्च जर्मन भाषेतील एका आज्ञार्थी रूपाकडे बोट दाखविले आहे. ‘हालोन्’ अथवा ‘होलोन्’ म्हणजे आणणे. त्याचे ठासून उच्चारलेले आज्ञार्थी रूप ‘हाला’ किंवा ‘होला’ असे होते आणि ते विशेषतः पैलतीरावरील नावाड्याला हाक मारताना वापरीत, असे तेथे म्हटले आहे. ही उपपत्ती मोहक खरीच. आधुनिक जर्मनमध्ये ‘होलन’ म्हणजे आणणे हे क्रियापद जिवंत आहे, आणि ‘नावाड्या, पैल ने’ अशा अर्थाची ‘होल यूबर’ ही परंपरागत हाकही तेथे प्रसिद्ध आहे. नदीच्या काठी उभा असलेला, पलीकडे नाव दिसत असलेला आणि अंधार पडत आल्यामुळे घाई झालेला उतारू डोळ्यांपुढे आला, की ह्या शब्दाचा जन्म तेथेच झाला असे वाटू लागते. परंतु चित्र मनोहर आहे म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. फ्रेंच ‘होला’ची फोड फ्रेंचमध्येच पूर्णपणे लागत असताना तिला जर्मन पूर्वज शोधण्याची निकड राहत नाही. शिवाय, उद्गारवाचक शब्द नियमित ध्वनिपरिवर्तनाच्या शिस्तीत वागत नाहीत. ओरडणाऱ्याला ‘ह’कार हवा असतो, कारण त्यात श्वासाचा जोर आहे, त्याला मोकळा स्वर हवा असतो, कारण तो लांबविता येतो, आणि मध्ये ‘ल’कारासारखे प्रवाही व्यंजन चालते, कारण ते आवाज अडवीत नाही. ह्या तीन गरजा जेथे जेथे उत्पन्न झाल्या, तेथे तेथे असला शब्द स्वतंत्रपणे घडू शकतो. म्हणून ह्या सहा रूपांना एका मूळपुरुषाची संतती मानण्यापेक्षा एकाच गावात राहून एकमेकांसारखी बोलू लागलेली माणसे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कोशकारानेही ही रूपे परस्परांशेजारी ठेवून तुलना केली आहे. त्या तुलनेतून सरळ वंशावळ काढण्याचा उत्साह पुढच्या लोकप्रिय लेखकांचा.

हाच उत्साह आपल्याकडेही दिसतो, आणि त्याची सामग्री तर अधिकच भरघोस आहे. संस्कृत नाटकांत सखी सखीला ‘हला’ म्हणून संबोधिते. शकुंतलेच्या मैत्रिणींच्या तोंडी हा शब्द वारंवार येतो आणि अमरकोशाच्या नाट्यवर्गात ‘हण्डे’, ‘हञ्जे’ आणि ‘हला’ ही तीन स्त्रीसंबोधने पात्राच्या दर्जानुसार सांगितली आहेत. दुसरीकडे, पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना, असुरांनी ‘हे अरयः’ असे न म्हणता ‘हेलयः’ असा अपशब्द उच्चारला आणि ते पराभूत झाले, ही ब्राह्मणग्रंथांतील कथा स्मरली आहे. मराठीत तर ‘हाळी’ हा शब्दच आहे. शेताच्या बांधावरून पलीकडच्या बांधावर हाळी दिली जाते. ह्या तिहींपैकी कोणताही शब्द घेऊन ‘हॅलो’ मूळचा आपलाच असे सिद्ध करणारे लोक भेटतात. त्यांना उत्तर देणे अवघड नाही. इंग्रजी शब्दाची रूपे गेल्या चार शतकांत ‘हॉला’, ‘हॉलो’, ‘हॅलो’, ‘हेलो’ अशी बदलत आलेली लेखी पुराव्याने दिसतात. त्यांतील सर्वांत अलीकडचे रूप उचलून दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या प्राकृत शब्दाशी जुळविणे म्हणजे नातवाचे नाक पणजोबाच्या शेजाऱ्याशी जुळविण्यासारखे आहे. ‘हला’च्या बाबतीत तर अर्थही विरुद्ध जातो. तो जवळिकीचा शब्द आहे. ज्या सखीचा हात हातात आहे तिला तो म्हणावयाचा असतो. ‘हेलयः’ हा तर एक शब्दच नव्हे; ते अव्यय आणि संबोधन ह्यांचे जोडरूप आहे. राहता राहिली ‘हाळी’. तिचे ‘हॅलो’शी असलेले साम्य खरे आहे, पण ते रक्ताचे नाही; वर सांगितलेल्या ओरडण्याच्या गरजांचे आहे.

‘हेलो’ हे रूप अमेरिकेत १८२६ साली छापील मजकुरात सापडते आणि १८३३ साली डेव्हिड क्रॉकेटविषयीच्या एका पुस्तकातही येते. तेव्हा दूरध्वनीचा जन्म व्हावयास अर्धे शतक अवकाश होता. ह्या काळात त्याचे दोन उपयोग प्रामुख्याने दिसतात. एक, लक्ष वेधण्याचा. अमेरिकेच्या सीमाप्रदेशांतील एकाकी वस्त्यांवर येणारा पाहुणा कुंपणाबाहेर थांबून घरालाच उद्देशून ‘हेलो’ म्हणत असे. आपल्याकडे वाटसरू अंगणाच्या कडेला उभा राहून ‘कोण आहे का घरात?’ म्हणतो, त्याच जातीची ही हाक. दुसरा, आश्चर्याचा. अनपेक्षित वस्तू दिसताच ब्रिटिश मनुष्य ‘हॅलो, हे काय?’ म्हणतो, आणि डिकन्सच्या कादंबऱ्यांत ह्या अर्थाची उदाहरणे विपुल आहेत. भेटीच्या वेळचे अभिवादन हा तिसरा उपयोग त्यानंतर हळूहळू रुळला, आणि तोही बरोबरीच्या माणसांत. सभ्य समाजात त्याला फार काळ धसमुसळेपणाचा वास येत असे.

बेलने १८७६ च्या मार्चमध्ये दूरध्वनीचे स्वामित्वपत्र मिळविले, त्या वेळी संभाषण कसे सुरू करावे हा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. प्रारंभीच्या कल्पनेत दोन ठिकाणांमधील तार सदैव जोडलेली असे आणि बोलावणारी घंटा नसे. मग पलीकडचा मनुष्य यंत्राजवळ यावा कसा? बेलचा कल ‘अहॉय’ ह्या खलाशांच्या हाकेकडे होता. एडिसनने १५ ऑगस्ट १८७७ रोजी पिट्सबर्गच्या एका तारयंत्र कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात मात्र निराळा सल्ला दिला. घंटेची आवश्यकता नाही, कारण ‘हेलो’ ही हाक १० ते २० फुटांवरून ऐकू येते, असे त्याचे म्हणणे होते. हे पत्र १९८७ साली जुन्या दप्तरांतून उजेडात आले, आणि तेव्हापासून ‘हॅलो हा शब्द एडिसनने शोधला’ असे वाक्य सर्रास लिहिले जाऊ लागले. वाक्य चुकीचे आहे. एडिसनने शब्द शोधला नाही. असलेल्या शब्दाला नवी नोकरी दिली. आणि ती नोकरीदेखील अभिवादनाची नव्हती, घंटेची होती. पत्रातील फुटांचा हिशेब हाच ह्या शब्दाच्या अर्थाचा सर्वांत बोलका पुरावा होय, पण एडिसनचे श्रेय मोजण्याच्या भरात त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १८७८ च्या जानेवारीत पहिले व्यापारी दूरध्वनी केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी तेथे निघालेल्या पुस्तिकेने ग्राहकांना संभाषणाचा आरंभ ‘हलोआ’ म्हणून करण्यास आणि शेवट ‘एवढेच’ ह्या अर्थाच्या शब्दांनी करण्यास सांगितले. शेवटाची सूचना कोणी पाळली नाही. आरंभाची जगभर गेली. केंद्रात काम करणाऱ्या मुलींना ‘हेलो गर्ल’ हे नाव पडले, आणि मार्क ट्वेनने १८८९ च्या आपल्या एका कादंबरीत नायकाच्या मुलीचे नावच ‘हेलो सेंट्रल’ असे ठेवून ह्या नव्या रूढीची थट्टा केली. जाता जाता एक योगायोग नमूद करावासा आहे. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे आणि दूरध्वनीचा जनक बेल हे स्नेही होते; मरे ह्यांच्या १८६७ मधील विवाहात बेल हा वराचा सोबती म्हणून उभा होता. शब्दाचा इतिहास लिहिणारा आणि त्या शब्दाला अजाणता जगभर पोहोचविणारा, असे दोघे एकाच मांडवात होते.

लोकव्युत्पत्तींपैकी एकीचा समाचार घेणे भाग आहे, कारण ती मराठी वाचकांतही फार पसरली आहे. बेलच्या प्रेयसीचे नाव मार्गारेट हॅलो होते आणि दूरध्वनीवर त्याने प्रथम तिचे नाव उच्चारले, अशी ती कथा. बेलचा विवाह ११ जुलै १८७७ रोजी मेबल हबर्ड हिच्याशी झाला. १० मार्च १८७६ रोजी यंत्रातून गेलेले त्याचे पहिले वाक्य वॉटसन ह्या सहकाऱ्याला उद्देशून होते. आणि त्याला स्वतःला ‘अहॉय’ प्रिय होते. कथेचा एकही दुवा टिकत नाही. हंगेरियन लोक ‘हालोम’ म्हणजे ‘ऐकतो आहे’ ह्या आपल्या क्रियापदाकडे बोट दाखवितात आणि एडिसनबरोबर काम केलेल्या तिवादार पुश्काश ह्या देशबांधवाला श्रेय देतात. १८२६ चा छापील पुरावा तेही निकालात काढतो. टेक्सासमधील एका परगण्याने १९९७ साली, ‘हेलो’त ‘हेल’ म्हणजे नरक आहे म्हणून, ‘हेवन-ओ’ हे स्वर्गीय अभिवादन अधिकृत केले होते. ह्या सर्व कथांतून एक गोष्ट मात्र दिसते. ज्या शब्दाला अर्थ नाही म्हणतात, त्याला अर्थ मिळवून देण्यासाठी लोक प्रेयसी, क्रियापद आणि नरक ह्यांपैकी काहीही आणावयास तयार असतात. निरर्थकता सामान्य भाषिकाला सहन होत नाही.

अर्थाच्या प्रश्नावर अधिक प्रकाश पडतो तो पाणिनीकडून. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात प्लुत स्वराचे नियम आहेत, आणि त्यांतील लागोपाठची तीन सूत्रे येथे विलक्षण उपयोगी पडतात. त्र्याऐंशीव्या सूत्रात, अभिवादनाला उत्तर देताना वाक्याचा अंत्य स्वर प्लुत होतो असे सांगून त्यातून शूद्राला वगळले आहे. वार्तिककाराने त्या वगळण्यात स्त्रियांची आणि असूया बाळगणाऱ्यांची भर घातली. लगेच पुढच्या सूत्रात, दुरून हाक मारतानाही तोच प्लुत स्वर सांगितला आहे. आणि तेथे कोणालाही वगळलेले नाही. त्याच्याही पुढच्या सूत्रात ‘है’ आणि ‘हे’ हे हाकेचे शब्द आले तर प्लुतत्व त्यांच्याकडेच जाते, असे म्हटले आहे. दूर म्हणजे किती, ह्या शंकेला टीकाकारांनी दिलेले उत्तर तर एडिसनने वाचले असते तर त्याला आवडले असते: जेथे नेहमीच्या प्रयत्नाने शब्द ऐकू जात नाही आणि विशेष प्रयत्न करावा लागतो, ते दूर.

अभिवादन आणि हाक ही दोन कार्ये पाणिनीने शेजारी ठेवली, पण एक केली नाहीत. ह्या भेदाचे सामाजिक अंगही त्याच्या सूत्रांतच उघड झाले आहे. अभिवादन समोरचा कोण आहे हे ठाऊक असल्यावाचून करताच येत नाही. मराठीतील अभिवादने पाहिली तर हे पटेल. ‘रामराम’, ‘दंडवत’, ‘शरणार्थ’, ‘राम कृष्ण हरी’, ‘सलाम’, ‘मुजरा’ ह्यांपैकी प्रत्येकातून पंथ, धर्म, वय वा अधिकार कळतो. ‘जोहार’ हा शब्द तर गावगाड्यात एका समाजावर लादलेला होता, आणि विसाव्या शतकात ‘जय भीम’ने त्याची जागा घेतली ती केवळ शब्दाला शब्द म्हणून नव्हे. हाकेला ह्यांतले काही ठाऊक असावे लागत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, थोरला की धाकटा, स्त्री की पुरुष, कोणत्या जातीचा, हे कळण्यापूर्वीचा जो एक क्षण असतो, त्या क्षणासाठी मराठीजवळ सर्वांना सारखा लागू पडणारा शब्द नव्हता. ‘अहो’ म्हणावे तर पलीकडे लहान मूल असावयाचे, ‘अरे’ म्हणावे तर सासरे. ‘हॅलो’ने ती अडचण दूर केली, आणि म्हणूनच तो टिकला. ‘अर्थ नाही’ म्हणून त्याला दोष देणारे हे विसरतात की त्या जागी अर्थ नसणे हाच त्याचा गुण आहे.

मराठी भाषिकाचे दूरध्वनीवरील बोलणे लक्षपूर्वक ऐकले तर हा भेद कानांनाही जाणवतो. प्रथम ‘हॅलो’ येतो. पलीकडचा आवाज ओळखू येतो. आणि मग ‘हां, नमस्कार काका’ किंवा ‘बोल गं’ असे खरे अभिवादन येते. म्हणजे इंग्रजीत हाक आणि अभिवादन एकाच शब्दात मिसळून गेली असली तरी मराठीने हा शब्द घेताना त्याचे हाकेचे जुने कार्य तेवढे घेतले आणि अभिवादनाची जागा आपल्या शब्दांसाठी मोकळी ठेवली. शासनाच्या सूचनेतील भाषिक उणीव येथे आहे. एक अत्यंत अर्थपूर्ण, नव्हे अर्थभाराने ओथंबलेला शब्दप्रयोग तिने अभिवादनाच्या जागी ठेवला नाही; घंटेच्या जागी ठेवला. जो शब्द दिवसातून पन्नास वेळा, यंत्र चालू आहे की नाही एवढे पाहण्यासाठी उच्चारावयाचा, त्याचा अर्थ झिजतोच. ‘गुडबाय’मध्ये ईश्वर आहे हे इंग्रज विसरला तो अशाच झिजेमुळे.

ह्या कार्याला आधुनिक भाषाविज्ञानात नावही मिळालेले आहे. मालिनोव्स्कीने १९२३ साली, केवळ संबंध जोडण्यासाठी केलेल्या बोलण्याला ‘फॅटिक’ अशी संज्ञा दिली, आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनात याकोबसनने तिला भाषेच्या सहा कार्यांत स्थान दिले. त्याचे पहिले उदाहरण दूरध्वनीवरील ‘हेलो, ऐकू येते ना?’ हेच आहे. हे एकच कार्य बोलणाऱ्या पक्ष्यांना साधते आणि लहान मूलही ते प्रथम शिकते, असे त्याने म्हटले. पोपटाला ‘हॅलो’ शिकविणाऱ्या कुटुंबांना ह्याचा अनुभव असेलच. इतर भाषांनी हीच जागा निरनिराळ्या रीतींनी भरली आहे. इटालियन मनुष्य ‘प्रोंतो’ म्हणजे ‘तयार आहे’ म्हणतो, स्पॅनिश मनुष्य ‘दिगा’ म्हणजे ‘बोला’, जपानी मनुष्य ‘मोशि मोशि’ म्हणजे जवळजवळ ‘सांगतो, सांगतो’. मराठीतही ओळखीच्या क्रमांकावरून हाक आली की अलीकडे थेट ‘बोला’ ऐकू येते. भ्रमणध्वनीच्या काचेवर नाव आधीच उमटलेले असल्यामुळे अज्ञाताचा तो क्षण उरत नाही आणि ‘हॅलो’ला सुट्टी मिळते.

मराठीतील ह्या शब्दाचा पहिला स्वरही विचारात घेण्याजोगा आहे. इंग्रजी ऱ्हस्व ‘ए’ मराठी सामान्यतः ‘पेन’, ‘डेस्क’ असा ‘ए’नेच घेते, ‘ॲ’ची खूण ‘बँक’, ‘कॅप’ ह्यांतील स्वरासाठी राखलेली आहे. त्या हिशेबाने अमेरिकन ‘हेलो’चे मराठीत ‘हेलो’ व्हावयास हवे होते. झाले ‘हॅलो’, आणि ते जुन्या ब्रिटिश रूपाशी जुळते. मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली, ब्रिटिश अमलात आले, हे लक्षात घेतल्यास त्यात नवल नाही. अमेरिकेने शब्दाला नोकरी दिली, पण मराठीकडे तो लंडनचा पोशाख घालून आला.

आणि आल्यावर तो पाणिनीच्या नियमाने वागू लागला. संभाषण सुरळीत चालू असते तेव्हा ‘हॅलो’तील दोन्ही स्वर आपल्या मापात असतात. घाटात गाडी शिरली, आवाज तुटू लागला, पलीकडून काहीच येईनासे झाले की बोलणारा उठून उभा राहतो, खिडकीकडे जातो, आणि ‘हॅलोऽऽ’ म्हणून शेवटचा स्वर तीन मात्रांहूनही अधिक लांबवितो. खेड्यातील सभेच्या आधी ध्वनिक्षेपकावर बोट आपटून ‘हॅलो, हॅलो’ म्हणणारा माणूसही तेच करतो. फक्त त्याच्यासमोर रिकाम्या सतरंज्या असतात.